थिरकवांचा ठेका आणि आमची समीक्षा

मराठी संगीत रंगभूमीविषयी आपल्या भाषेत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात एका आशयाचे वाक्य वारंवार भेटते : तबल्याच्या साथीला अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. हे वाक्य बहुधा गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाचे वर्णन चालू असताना येते. उंची शालू, गालिचे, अत्तरे, देखावे यांची मोजदाद होते. त्याच मोजदादीत थिरकवांचे नाव बसते. आणि लेखक बालगंधर्वांच्या स्वराकडे वळतो. पुढे पानेच्या पाने त्या स्वराविषयी असतात. त्या स्वराखाली जो ठेका चालला होता त्याने काय केले, त्याच्यामुळे पद कसे उभे राहिले, आणि पदांची साथ करता करता खुद्द साथ करणाऱ्याची कला कशी घडली, हे प्रश्न आमच्या समीक्षेने फारसे मनावर घेतलेले दिसत नाहीत.

तबल्याविषयी मराठीत ग्रंथच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. अरविंद मुळगावकर यांचा ‘तबला’ आणि सुधीर माईणकर यांचा ‘तबलावादन : कला आणि शास्त्र’ हे ग्रंथ कोणत्याही भाषेला भूषणावह व्हावेत असे आहेत. परंतु ते वाचतात तबल्याचे विद्यार्थी. संगीत नाटक हा साहित्यप्रकार म्हणून शिकविणारे आपण मात्र खाडिलकर-गडकऱ्यांची पदे छापील पानावरच्या कवितेप्रमाणे वाचतो आणि रचना क्लिष्ट आहे, शब्द चालीत कोंबले आहेत, असा शेरा मारून मोकळे होतो. जे पद तालात म्हणण्यासाठीच लिहिले गेले, त्याचा ताल बाजूला ठेवून केलेली ही परीक्षा कितपत न्याय्य आहे?

काही वर्षांपूर्वी मी पदव्युत्तर वर्गाला बालगंधर्वांची एक जुनी ध्वनिमुद्रिका ऐकविली आणि ऐकले ते लिहून काढा असे सांगितले. मुलांनी बरे लिहिले होते. शब्दांचा लडिवाळ उच्चार, स्त्रीभूमिकेचा भाव, छोट्या छोट्या हरकती, सारे काही कागदावर आले होते. तबल्याचा उल्लेख मात्र एकाही कागदावर नव्हता. मी थोडा खट्टू झालो. पण तीच मुद्रिका पुन्हा लावली तेव्हा ध्यानात आले की दोष सर्वस्वी मुलांचा नव्हता. साधारण १९२५ पर्यंतचे ध्वनिमुद्रण कर्ण्यापुढे गाऊन होत असे. आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर रेघ कोरी. खालच्या पट्टीचे ध्वनी या यंत्राच्या हाती नीट लागत नसत. म्हणजे डग्ग्याचा घुमारा, जो ठेक्याचा अर्धा प्राण, तो तबकडीवर जवळजवळ उतरतच नसे; उरत असे ती चाटेची टकटक. पुढे विजेचे मुद्रण आले तरी तबकडीची मर्यादा तीन-साडेतीन मिनिटांचीच राहिली, आणि तबकडीवरच्या कागदावर गायकाचे नाव असे, नाटकाचे असे, साथीदाराचे सहसा नसे. ज्या पिढ्यांना गंधर्वांचे नाट्यगायन केवळ तबकड्यांवरून कळले, त्यांच्या कानांनी ठेका वगळला याचे एक कारण हे असे यांत्रिक आहे. दुसरे कारण आमच्या रसिकतेत आहे. त्याकडे पुढे वळू.

अहमदजान यांचा जन्म १८९२ साली मुरादाबाद येथे झाला. घराणे संगीतजीवी, वडील हुसेनबक्ष हे सारंगिये. मुलाच्या हाती प्रथम सारंगी आली, गळ्यावर गाण्याचे संस्कार झाले, आणि मग त्याचे मन तबल्याकडे ओढले गेले. ही गोष्ट चरित्रकार सहज सांगून जातात, पण ती महत्त्वाची आहे. सारंगी हे गळ्याची पाठराखण करणारे वाद्य. ज्याने लहानपणी तिच्यावर स्वर घासला, त्याला दोन आघातांच्या मध्ये जे असते त्याची जाण आधीच आलेली असते. तबला हे आघाताचे वाद्य खरे. परंतु डग्ग्यावर मनगट दाबून ध्वनी वर-खाली नेता येतो, एका आघातातून दुसऱ्या आघाताकडे तो वाहता ठेवता येतो. थिरकवांच्या डग्ग्यात जी गाती मींड ऐकू येते तिचे मूळ मला या सारंगीत दिसते. हा माझा तर्क आहे, आणि त्याची मर्यादा काय ती पुढे सांगतोच.

किशोरवयातच त्यांना उस्ताद मुनीरखाँ यांचा तबला ऐकावयास मिळाला आणि ते त्यांचे शागीर्द झाले. मुनीरखाँ मूळचे मेरठकडील लालियाण्याचे. त्यांचे वास्तव्य मुंबईत असे. फरुखाबाद घराण्याचे हुसेनअलीखाँ यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ विद्या घेतली, पुढे दिल्लीचे बोलीबक्ष यांच्याकडे घेतली, आणखीही अनेकांकडून मिळविली. शिष्याला ‘थिरकवा’ हे नाव मिळाले ते गुरूंचे वडील काळेखाँ यांच्याकडून. मुलाची बोटे तबल्यावर थिरकतात, असे त्यांनी कौतुकाने म्हटले आणि ते नाव जन्मनावाहून मोठे झाले.

मुनीरखाँ यांच्या या संग्रहाचे महत्त्व कळण्यासाठी दोन बाजांतला भेद थोडा सांगावयास हवा. दिल्लीचा बाज बंद. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर त्याची भिस्त. आघात चाटेवर, म्हणजे किनारीवर. ध्वनी नेमका, आटोपशीर, कोरीव. लखनौ-फरुखाबादचा पूरब बाज त्या मानाने खुला. कथक नृत्य आणि पखवाज यांच्या सहवासात तो वाढला. त्यात पंजा अधिक कामाला येतो, लव आणि शाई यांवरचा आघात मोकळा सोडला जातो, गती आणि तुकडे डौलाने येतात. दिल्लीवाला कायद्यात रमतो, पूरबवाला गतीत. दोन्ही विद्या एकाच हातात येणे हे त्या काळी सोपे नव्हते. कारण घराणी आपले धन जपून ठेवीत आणि हाताची ठेवणही एका बाजाची दुसऱ्या बाजाला आड येते. मुनीरखाँ यांनी हे धन एकत्र केले. थिरकवांनी ते एका हाताचे केले. त्यांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांत दिल्लीचा कायदा संपून फरुखाबादी गत सुरू होते तेव्हा ऐकणाऱ्याला बाज बदलल्याचे कळते, पण वाजविणारा बदलल्यासारखे वाटत नाही.

व्याकरण शिकविणाऱ्यांना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कायद्याची ओळ प्रथम ‘भरी’ची वाजते, तीच ओळ पुन्हा ‘खाली’ची म्हणून येते, तेव्हा डग्ग्याचा घुमारा काढून घेतला जातो. मग ‘धा’चा ‘ता’ होतो, ‘धिं’चा ‘तिं’ होतो, ‘गे’चा ‘के’ होतो. म्हणजे घोष वर्णांच्या जागी अघोष वर्ण येतात. आपल्या वर्णमालेतला हा भेद तबलियांनी काही व्याकरण वाचून घेतलेला नाही; कान आणि जीभ यांनी तो त्यांना दिला. कायदा म्हणजे घोष-अघोषांच्या आवर्तनाने बांधलेले एक प्रकारचे वृत्तच आहे. त्यात पलटे करावयाचे ते मूळ ओळीतल्याच अक्षरांचे. बाहेरचे अक्षर घेतले तर कायदा मोडला. अक्षरगणवृत्तात लिहिणाऱ्या कवीला जे बंधन आणि त्या बंधनातला जो आनंद, तो येथे जसाच्या तसा आहे. असे असता साहित्याच्या अभ्यासकाने या कलेपुढे ‘आम्हांला त्यातले कळत नाही’ असे म्हणून हात जोडावेत, याचे मला नवल वाटते.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली. तिच्या भरभराटीच्या काळात थिरकवा तिच्यात आले. त्यांच्या आयुष्यातील या काळाकडे सहसा दोन प्रकारे पाहिले जाते. घराणेदार तबल्याचे भक्त ही वर्षे पोटापाण्याची समजतात. जणू एक थोर वादक काही काळ नाटकवाल्यांकडे नोकरीस होता, मग रामपूर दरबारी गेला आणि पुन्हा आपल्या पदावर आला. नाटकाचे भक्त उलट बाजूने तेच करतात : थिरकवा म्हणजे नारायणरावांच्या दर्दीपणाचे आणि उदारपणाचे एक उदाहरण. दोघांनाही ही वर्षे कलेच्या दृष्टीने रिकामी वाटतात. मला नेमके याच्या उलट वाटते.

नाटकात तबलियाला काय करावे लागे ते पाहावे. बैठकीत गायक आणि वादक शेजारी बसतात, डोळ्यांनी बोलतात. नाटकात गाणारा रंगमंचावर, उभा, भूमिकेत. त्याचे लक्ष समोरच्या पात्राकडे किंवा प्रेक्षकांकडे. साथीदार खाली, रंगमंचापुढे. गाणारा कोठून उचलणार, कोणती ओळ पुन्हा घेणार, टाळ्या पडल्या तर किती वेळा घेणार, हे सारे कानावर ओळखावयाचे. ‘वन्स मोअर’ झाला की पद पुन्हा. आणि दुसऱ्या वेळेला ते तसेच नको, तरीही तेच हवे. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. यांत लयीचा तोल शेवटच्या पदापर्यंत ढळू न देणे हा एक निराळाच रियाझ आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘स्वयंवर’ १९१६ चे. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. त्यांतील कितीतरी चाली ख्यालाच्या बंदिशींवरून घेतलेल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर मराठी शब्द बसविले. ब्रजभाषेतील बंदिशीत अक्षरे थोडी, स्वरांना पसरावयास जागा पुष्कळ. मराठी पदात अक्षरे दाट. त्यांत सामासिक शब्द. नाट्यप्रसंगाचा आशयही त्यांनीच वाहावयाचा. एका आवर्तनात जेथे हिंदी बंदिशीची सहा-सात अक्षरे सुखाने नांदत, तेथे मराठीची बारा-पंधरा येऊन बसली. आता तबलियाने बैठकीतल्याप्रमाणे प्रत्येक मोकळी जागा भरावयास घेतली तर शब्द बुडालाच. ठेका स्वच्छ, मोकळा, मात्रा न् मात्रा दाखविणारा आणि तरीही रुक्ष नसलेला असा हवा. त्या स्वच्छ ठेक्यावर बालगंधर्वांना शब्द जरा मागे ठेवता येई, जरा पुढे सरकविता येई, आणि समेवर कसलीही घाई न करता उतरता येई. लयीशी चाललेला हा लाडका खेळ आपण ‘गंधर्वगायकी’ म्हणून गौरवितो. तो ज्या पाटावर मांडलेला असे तो पाट कोणी घातला, हे मात्र विचारीत नाही. खाडिलकरांची पदे छापील पानावर ज्या ठिकाणी अवघडतात, त्यांतील बऱ्याच ठिकाणी ती गाताना अवघडत नाहीत, आणि याचे श्रेय एकट्या गळ्याला देणे अपुरे आहे.

यात प्रकारांचे वैविध्य केवढे! ‘स्वयंवरा’तले ख्यालाच्या अंगाचे पद त्रितालात किंवा एकतालात; १९१९ मध्ये आलेल्या ‘एकच प्याला’त सुंदराबाईंनी दिलेल्या चाली, त्यांना ठुमरी-गझलेचा वास; मग पंजाबी ठेका, दादरा, केरवा; आणि जेथे कीर्तनाचा रंग हवा तेथे आपली धुमाळी. हीच नाटके मंडळी वर्षानुवर्षे करीत राहिली. मुनीरखाँ यांच्या तालमीत कायदे-गतींचे भांडार मिळाले असेल. परंतु धुमाळीसारख्या आठ मात्रांच्या साध्या ठेक्यात तासभर जीव ओतावयाचे शिक्षण कोणत्याही खलिफाच्या घरी मिळत नव्हते. ते येथे मिळाले.

आता, ही साथ करताना शिकलेला संयम थिरकवांच्या एकलवादनात उतरला, हे कशावरून म्हणावयाचे? सारंगीच्या संस्काराने किंवा गुरूच्या विद्येनेच सारे साधले असे का म्हणू नये? सुदैवाने येथे एक तुलना हाताशी आहे. मुनीरखाँ यांचे भाचे अमीरहुसेनखाँ (१८९९–१९६९) हे थिरकवांचे गुरुबंधू. गुरू तोच. त्यांचेही वडील अहमदबक्ष सारंगिये, हैदराबादच्या दरबारी असलेले. म्हणजे घर सारंगीचे, विद्या तीच, कार्यक्षेत्रही पुष्कळसे मुंबईच. माझा मघाचा सारंगीचा तर्क येथे लंगडा पडतो, हे कबूल केले पाहिजे. सारंगी दोघांच्याही घरी होती. तरीही दोघांची कला भिन्न झाली. अमीरहुसेनखाँ हे रचनाकार आणि शिक्षक. त्यांच्या गती-तुकड्यांत विचार दाटलेला असतो. एकेक रचना म्हणजे जाणत्याला घातलेले कोडे असते, आणि ते सुटल्याचा आनंद फार मोठा असतो. आमच्या गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर त्यांच्याकडे शिकले आणि ही विद्या त्यांनी निष्ठेने पुढे दिली. थिरकवांकडे याच भांडारातल्या रचना आहेत, पण त्या कोड्यासारख्या येत नाहीत, बोलण्यासारख्या येतात. पेशकार ते इतक्या सावकाशीने मांडतात की तबल्याचे ज्ञान नसलेल्यालाही वाक्य कोठे संपले आणि प्रश्न कोठे उभा राहिला ते कळते. रचनेभोवती मोकळी जागा असते. लय वाढविण्याची त्यांना घाई नसते. टाळी घेण्याच्या जागी ते बऱ्याचदा पुढे निघून जातात.

ही मोकळी जागा ठेवण्याची कला ज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या शब्दाला जागा करून दिली त्याला आली, असा माझा निष्कर्ष आहे. त्यावर आक्षेप घेता येईल. स्वभावभेद म्हणून काही असतोच. दोन गुरुबंधू एकाच ताटातले जेवले तरी अंगी लागते निराळेच. शिवाय त्याच मंडळीत, त्याच जागी दुसरा कोणी बसला असता तर तो थिरकवा झाला असता असे थोडेच आहे. हे सारे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की एकलवादनात जो ‘ऐकणाऱ्याचा विचार’ दिसतो तो दरबारात शिकता येण्याजोगा नव्हता. दरबारात ऐकणारे जाणकार असतात, निदान जाणकार असल्याचा आव तरी आणतात. नाटकगृहात पेढीवरचे मुनीम होते, घरगृहस्थीतल्या बायका होत्या, शाळा बुडवून आलेली पोरे होती. ज्याची बोटे या साऱ्यांना एकदम आपलेसे करू शकत, त्याला पुढे कोणत्याही परिषदेच्या मंडपात भिण्याचे कारण उरले नाही.

आता मघाशी उल्लेखिलेले दुसरे कारण. मराठी मुलुखाला तालाची आवड नवी नाही. कीर्तनाने आणि भजनाने ती घरोघर रुजविली. इंदूरच्या नाना पानशांनी पखवाजाची जी परंपरा उभी केली तिची फांदी आजही हिरवी आहे. आमच्या गोव्याने खाप्रूमामा पर्वतकरांसारखा लयभास्कर पाहिला. हातांनी आणि पायांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरून तोंडाने आणखी तिसराच म्हणून दाखवावा आणि सारे एकाच समेवर आणावेत, हे ज्यांनी पाहिले ते जन्मभर विसरले नाहीत. १९५३ मध्ये मामा गेले. त्यांच्याविषयी अत्यंत आदर बाळगूनही एक निरीक्षण नोंदवितो. आमचे तालविषयक कौतुक गणिताचे आहे. अमुक मात्रांत तमुक मात्रा बसविल्या, सव्वापट केली, पावणेदोनपट केली, हे सांगता येते, लिहिता येते, ऐकणाऱ्याला थक्क करता येते. गणित शब्दांत मावते; नाद मावत नाही. थिरकवांचे मोठेपण निकासात आहे, म्हणजे बोल वाद्यातून कसा बाहेर पडतो यात. एकच ‘धा’ हजार जण वाजवितात. त्यांचा ‘धा’ कानाला पूर्ण वाटतो, त्याला कडा असते आणि आतून ओलावाही असतो. यापुढे लेखणी अडते, आणि अडलेली लेखणी विशेषणांच्या आश्रयाला जाते. ‘जादुई बोटे’ हे असेच एक विशेषण. त्याने काहीच सांगितले जात नाही.

वस्तुतः शब्द नसले तरी मार्ग आहे. बालकवींच्या ओळीतला नाद आपण वर्गात समजावून देतोच ना? कोणते वर्ण जवळ आले, कोठे दीर्घ स्वर थांबला, कोठे महाप्राणाने जोर आला, हे आपण दाखवितो. बोलांच्या बाबतीत तेच करावयाचे. बोल ही अक्षरेच आहेत. ती म्हणून दाखविण्याची, म्हणजे पढंत करण्याची, परंपरा तबलियांची स्वतःची आहे. समीक्षेला लागणारी अर्धी सामग्री त्यांनीच तयार करून ठेविली आहे.

गंधर्व मंडळीचा डाव १९३४ च्या सुमारास मोडला. बालगंधर्व १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात दिसले. थिरकवा १९३६ मध्ये रामपूरच्या नवाबांच्या दरबारी गेले. या उत्तरायुष्याचा तपशील पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून येथे थोडक्यात आटोपतो. रामपूर, मग लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयातील अध्यापन, देशभरच्या परिषदा, आकाशवाणी; १९७० मध्ये पद्मभूषण. अखेरीच्या काळात ते पुन्हा मुंबईत शिकवीत होते. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले. एकलवादनाला स्वतंत्र मैफलीची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे, यावर दुमत नाही. दुमत आहे ते ही प्रतिष्ठा साथीच्या कामातून सुटून मिळाली की साथीच्या कामातून मुरून आली याविषयी. माझे मत वर आलेच आहे.

शिष्यांचा विचार केला म्हणजे मराठी संबंध आणखी घट्ट झालेला दिसतो. पुण्याचे लालजी गोखले, मुंबईचे नारायणराव जोशी, ठाण्याचे भाई गायतोंडे, मुंबईत राहून मोठे कार्य केलेले निखिल घोष ही नावे सर्वश्रुत आहेत. मला मात्र अधिक विचार करावयास लावते ते जगन्नाथबुवा पुरोहितांचे नाव. बुवा मूळचे हैदराबादचे. आग्रा घराण्याचे गायक. ‘गुणीदास’ या नावाने त्यांनी केलेल्या बंदिशी आणि त्यांचा जोगकंस आज घरोघर आहेत. तबला ते थिरकवांकडे शिकले, आणि इतके शिकले की भाई गायतोंड्यांसारख्याची पहिली तालीम त्यांच्याकडे होऊ शकली. बुवांच्या बंदिशी गाऊन पाहाव्यात. शब्द लयीत बसविलेला वाटत नाही. लयीतच उपजलेला वाटतो. मुखडा समेकडे ज्या सहजतेने येतो त्यात तबलियाचा हात दिसतो.

या बुवांच्या शिष्यांत राम मराठे आहेत आणि मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी आहेत. राम मराठे १९६३ च्या ‘मंदारमाला’त रंगभूमीवर उभे राहिले. अभिषेक्यांनी १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ला आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ला संगीत दिले आणि निपचित पडलेल्या नाट्यसंगीतात पुन्हा धुगधुगी आली. अभिषेक्यांच्या चाली ऐकताना त्यांतील तालाचा ताजेपणा, शब्दाच्या वजनाप्रमाणे ठेका निवडण्याची वृत्ती, पद आखडते ठेवूनही लयीला खेळू देण्याची हातोटी, या गोष्टी जाणवतात. हे सारे थेट थिरकवांपासून आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अभिषेक्यांचे कान चहूकडचे ऐकून तयार झाले होते. तरीपण गंधर्वांच्या नाटकगृहात रंगमंचापुढे बसलेल्या एका मुरादाबादच्या वादकाकडून एका हैदराबादच्या बुवांकडे, आणि त्यांच्याकडून मंगेशीच्या एका मुलाकडे, असा एक प्रवाह पुन्हा मराठी नाटकातच येऊन मिळाला, ही गोष्ट नाट्यसंगीताच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदाइतकी तरी जागा मागते. बखले ते अभिषेकी हा प्रवास आपण स्वररचनाकारांच्या नावांनी लिहितो. तो ठेक्यांच्या अंगानेही लिहिता येईल. पंजाबी ठेका कोणत्या पदांत राहिला, कोणत्या पदांतून गेला, धुमाळीची जागा केरव्याने कोठे घेतली, विलंबित लय नाटकातून का हद्दपार झाली, हे सारे तपासण्याजोगे आहे, आणि त्यासाठी तबला वाजवावयास येण्याची गरज नाही. मात्रा मोजता आल्या की पुरे.

त्या वर्गाला पुढच्या आठवड्यात मी तीच मुद्रिका पुन्हा ऐकविली. या वेळी काही लिहावयास सांगितले नाही. एका हाताच्या बोटांवर मात्रा मोजा आणि एका आवर्तनात पदाची किती अक्षरे आली तेवढे सांगा, एवढेच म्हटले. मोजता मोजता मुले दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमले. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की गाणारा मागे रेंगाळतो तेव्हा तबला त्याच्यासाठी थांबत कसा नाही? त्या दिवशीचा उरलेला तास आम्ही त्या प्रश्नावर घालविला, आणि नेमलेला नाटकाचा प्रवेश राहून गेला.